धागा : नव्या शिक्षकाला संघटनेने पहिल्या वर्षी नेमकं काय द्यावं? (गोवा)

तांबडीमाती

तालुका शाखेची नव्या शिक्षकांसाठीची सभा ठरतेय. नेहमीचा साचा सगळ्यांना पाठ आहे : स्वागत, गुलाबाचं फूल, दोन भाषणं, सभासदत्वाचा फॉर्म, चहा. त्यानंतर संघटनेला नवा शिक्षक आठवतो तो थेट कार्यकारिणीच्या निवडणुकीत. यंदा हे नको आहे.

येणाऱ्यांत सरकारी प्राथमिकचे आहेत, अनुदानित हायस्कूलचे आहेत, काही लेक्चर बेसिसवरचे, म्हणजे तासांवर पैसे मिळणारेही आहेत. पहिल्या वर्षात गाडं कुठे अडतं आणि संघटनेने तिथे काय करायचं, एवढंच लिहा. नियम ठाऊक असेल तर सांगा. स्टाफरूममधलं ऐकीव नको.

हिशोबी

भाषणं रद्द करा आणि त्या वेळात प्रत्येकाची नेमणुकीची ऑर्डर वाचा. खरंच, एकेकाला समोर बसवून. पुढच्या तीस वर्षांच्या निम्म्या कटकटी त्या एका पानात असतात आणि पहिल्या वर्षात त्या फुकट सुटतात.

ऑर्डरमध्ये बघायचं ते असं. पदाचं नाव आणि विषय जाहिरातीतल्यासारखाच आहे का. जागा कशी रिकामी झाली, म्हणजे निवृत्तीने, तुकडी वाढल्याने की कोणी लांब रजेवर गेल्याने. हा शेवटचा प्रकार नीट तपासा. रजेच्या जागेवर घेतलेल्याला मूळ शिक्षक परतला की उठावं लागतं, आणि ऑर्डरमधला तो एक शब्द न वाचल्यामुळे माणूस कायम जागेच्या भरवशावर कर्ज काढून बसतो. राखीव जागा असेल तर प्रवर्ग लिहिलेला हवा. परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) काळ किती, तो कोणत्या तारखेला संपतो आणि संपल्यावर कायम केल्याचं वेगळं पत्र मिळणार का, हेही विचारून घ्यायचं.

अनुदानित शाळेत आणखी एक पायरी असते. व्यवस्थापनाने ऑर्डर दिली तरी शिक्षण खात्याची मान्यता येईपर्यंत पगार अनुदानातून निघत नाही. प्रस्ताव विभागीय कार्यालयात जातो आणि एखादा कागद कमी असला की शेरा मारून परत येतो. कमी असतो तो बहुतेक वेळा साधाच कागद : जाहिरातीचं मूळ कात्रण, मुलाखतीचा गुणतक्ता, जातीचा दाखला किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत. शेरा शाळेच्या फायलीत पडून राहतो आणि शिक्षक 'वर अडलंय' म्हणत थांबतो. संघटनेच्या माणसाने म्हापसा, पणजी किंवा मडगाव, जिथलं असेल तिथे जाऊन आवक क्रमांक काढायचा आणि शेरा वाचून शिक्षकाला कळवायचा. काम एका फेरीचं आहे, पण नव्या माणसाला ती खिडकीच माहीत नसते.

हिशोबी

वरच्यात वेतनवाढीचं राहिलं. सातव्या वेतन आयोगाच्या नियमांत वेतनवाढीच्या दोन तारखा आहेत, १ जानेवारी आणि १ जुलै. २ जानेवारी ते १ जुलै या काळात रुजू झालेल्याला पहिली वाढ पुढच्या १ जानेवारीला. २ जुलै ते १ जानेवारी या काळात रुजू झालेल्याला पुढच्या १ जुलैला. म्हणजे १ जुलैला रुजू झालेल्याला सहा महिन्यांत वाढ मिळते आणि २ जुलैवाल्याला वर्षभर थांबावं लागतं. सातव्या स्तराचं उदाहरण घ्या : पहिला टप्पा ४४,९००, दुसरा ४६,२००. फरक १,३०० रुपयांचा, वर महागाई भत्ता. रुजू होण्याचा दिवस आपल्या हातात असेल तर ऑर्डर खिशात घेऊन पुढच्या सोमवारची वाट बघू नये.

राष्ट्रीय पेन्शनचा बारा आकडी प्रान क्रमांक लगेच काढून घ्या. मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के कपात शिक्षकाची असते. क्रमांक उशिरा निघाला की कपात उशिरा सुरू होते, मागच्या महिन्यांची रक्कम एकदम कापली जाते आणि मधल्या काळात त्या पैशावर जे वाढलं असतं ते गेलंच. नामनिर्देशन लग्नानंतर बदलायला लोक विसरतात, तेही फॉर्म भरताना सांगून ठेवा.

सर्व्हिस बुकाचं पहिलं पान स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं : जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे, पात्रता परीक्षेची नोंद. दरवर्षी एकदा बघून सही करायची. क्लार्कला राग येतो, येऊ द्या.

खडूवाली

टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं काय? पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांत अजून गोंधळ आहे. 'नोकरी लागली, आता टीईटी नको' असं सर्रास बोललं जातं.

मांडवीकाठ

ते चुकीचं आहे. सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल स्पष्ट आहे. पहिली ते आठवीला शिकवणारे जे सेवेत आहेत आणि ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्यांनी निकालापासून दोन वर्षांत पात्रता मिळवायची आहे. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना सूट, पण बढती हवी असेल तर परीक्षा त्यांनाही आहे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. गोव्यात अशा शाळा भरपूर, तिथल्या तरुणांनी त्या भरवशावर स्वस्थ बसू नये. शाळा बदलली की प्रश्न पुन्हा दारात.

परीक्षा १५० गुणांची, उणे गुण नाहीत, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के म्हणजे ९० गुण. राखीव प्रवर्गांना सवलत असू शकते. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी : बालविकास, भाषा एक, भाषा दोन, गणित, परिसर, प्रत्येकी ३०. दुसरा सहावी ते आठवीसाठी : बालविकास आणि दोन भाषा प्रत्येकी ३०, उरलेले ६० गणित-विज्ञानाला किंवा सामाजिक शास्त्राला. केंद्राच्या सीटीईटीत भाषा म्हणून मराठी घेता येते, कोकणी त्या यादीत नाही. फॉर्म भरताना भाषा चुकली तर दुरुस्तीच्या मुदतीतच बदलून घ्या, नंतर काही करता येत नाही. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, त्यामुळे एकदाच झटका द्यायचा.

संघटनेने यासाठी शनिवारचे आठ वर्ग घेतले तरी पुरे. विषय येत असूनही गुण जातात ते बालविकासात आणि भाषेच्या अध्यापनशास्त्रात, म्हणून सगळा जोर तिथे लावावा. गणिताचे वर्ग घेऊन वेळ घालवू नका.

बीएड करून प्राथमिकच्या जागेला अर्ज करणारे अजून दिसतात. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीला बीएड ही पात्रता चालत नाही, डीएलएड ही पदविका लागते. हे नोकरीआधीच सांगायला हवं, म्हणजे संघटनेने बीएड कॉलेजच्या शेवटच्या सत्रात जायला हवं.

केप्याकार

एक कटू बोलतो. संघटना नव्यांसाठी असते हे कागदावर. ज्येष्ठांना सोयीचं टाइमटेबल, सोयीची बदली. नव्याला आठवीची सगळ्यात दंगेखोर तुकडी, शेवटचे तास, स्काउट, स्नेहसंमेलन, यूडायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरणं आणि वर गैरहजर शिक्षकांचे तास. आणि नोटीस आली की त्याने एकट्याने लेबर कमिशनरच्या पायऱ्या झिजवायच्या.

मांडवीकाठ

पहिल्या भागाशी सहमत. दुसऱ्यात चूक आहे आणि ती चूक लोकांना महाग पडते, म्हणून लिहितो. शिक्षकाने लेबर कमिशनरकडे जाण्यात अर्थ नाही. हा प्रश्न ज्या खटल्यात सुटला तो गोव्यातलाच : ए. सुंदरम्बाळ विरुद्ध गोवा, दमण आणि दीव सरकार. काढून टाकलेल्या एका शिक्षिकेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८८ मध्ये निकाल लागला की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नव्हे. तिथे खेटे घालण्यात महिने जातात आणि खऱ्या ठिकाणची मुदत निघून जाते.

खरं ठिकाण कुठलं? अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला १९८४ चा शालेय शिक्षण कायदा आणि १९८६ चे नियम लागू. सेवेतून काढल्यास दाद प्रशासकीय लवादाकडे. सरकारी शिक्षकाला १९६५ चे नागरी सेवा शिस्त नियम लागू. दोन्हीकडे मुदत आदेश हातात पडल्यापासून मोजली जाते, म्हणून लिफाफा पोस्टाच्या शिक्क्यासकट जपायचा आणि पोच देताना सहीखाली तारीख घालायची.

मेमो, कारणे दाखवा नोटीस आणि आरोपपत्र ही तीन वेगळी कागदं आहेत. मेमोला कुठे, कधी, काय झालं एवढं चार ओळींत लिहावं, कैफियत मांडू नये. कारणे दाखवा नोटिशीला उत्तर देण्याआधी ज्या तक्रारीवरून ती निघाली तिची प्रत लेखी मागावी. आरोपपत्र आलं की स्वतः उत्तर लिहायचंच नाही, आधी संघटनेकडे जायचं. सरकारी चौकशीत शिक्षकाला आपल्या बाजूने दुसरा सरकारी कर्मचारी बचाव साहाय्यक म्हणून घेता येतो, वकील सहसा मिळत नाही. असे साहाय्यक तयार करणं हे संघटनेचं काम आहे आणि तालुक्याला निदान दोन तरी हवेत. चौकशीची कागदपत्रं कशी मागायची आणि साक्षीदाराला उलट प्रश्न कसे विचारायचे, हे शिकवायला चार बैठका लागतात.

सगळ्यात मोठी चूक होते पहिल्या तासाभरात. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये पालक ओरडत असतात, कोणीतरी म्हणतं 'दोन ओळी माफीच्या लिही, मिटवून टाकू'. नवा शिक्षक लिहितो. सहा महिन्यांनी तोच कागद कबुली म्हणून पुढे येतो. 'विचार करून उद्या लेखी देतो' एवढं म्हणायला शिकवा.

खडूवाली

मुलांना मारण्याबद्दलही त्याच बैठकीत बोला, आणि स्पष्ट बोला. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. 'आमच्या वेळी फूटपट्टी चालायची' हे सांगणारे ज्येष्ठ चौकशीत साक्षीला येत नाहीत. उन्हात उभं करणं, वर्गासमोर जातीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून बोलणं, हेही त्यातच येतं.

पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, तर बऱ्याच जणांना अर्धवट माहीत असतं. मुलाने काही सांगितलं किंवा तसा संशय आला, तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं ही त्या शिक्षकाची स्वतःची जबाबदारी आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे सुटलो असं नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. मुलाची स्वतः उलटतपासणी करायची नाही, जे शब्द त्याने वापरले ते तसेच तारीख-वेळेसह लिहून ठेवायचे. नाव स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुकूनही नको. मदतीला १०९८ आहे.

आणि हे लिहायलाच हवं : अशा प्रकरणात आरोप सभासदावर असेल तर संघटनेने त्याला नियमांप्रमाणे बचावाची मदत द्यावी, पण पालकांच्या घरी समेटाला जाऊ नये. नवे लोक तेही बघत असतात.

पोफळ

मुख्याध्यापकांच्या बाजूने. टाइमटेबल करताना नव्याला उरलेलं मिळतं हे खरं, कारण तो शेवटी येतो आणि तोंड उघडत नाही. यावर भांडण्यापेक्षा संघटनेने एक साधी मागणी करावी. इंग्लंडात २०२१ पासून नव्या शिक्षकाला दोन वर्षांची उमेदवारी असते, पहिल्या वर्षी तासांत १० टक्के सूट, दुसऱ्या वर्षी ५ टक्के, शिवाय नेमून दिलेला मार्गदर्शक. आपल्याकडे असा नियम नाही. पण आठवड्याला ३० तास असतील तर १० टक्के म्हणजे तीन तास, आणि शाळेने ठरवलं तर तेवढे निघतात. त्यातला एक तास त्याच विषयाच्या अनुभवी शिक्षकाच्या वर्गात मागे बसण्यासाठी, एक पाठाच्या तयारीसाठी, एक वह्यांसाठी. निदान बदली तास पहिल्या सत्रात त्याच्या माथी मारू नयेत.

आरटीईच्या परिशिष्टात शिक्षकाला आठवड्याला ४५ तास सांगितलेत, 'तयारीच्या वेळेसह'. हे शेवटचे दोन शब्द कोणी वाचत नाही. मुख्याध्यापक 'बसून काय करता' म्हणाले तर ते दाखवा.

केप्याकार

आणि बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम? जनगणना?

पोफळ

आरटीईच्या २७ व्या कलमात तीनच अपवाद : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण, निवडणुका. म्हणजे २०२७ च्या जनगणनेचं काम नाकारता येत नाही. मतदार यादीच्या कामाबाबत दिल्लीतल्या एका शाळेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलंय की शिक्षकांना ते सुट्टीच्या दिवशी किंवा शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं. तोंडी सांगितलेलं कुठलंही काम घेऊ नका, नावाची ऑर्डर मागा. ऑर्डर नसेल तर त्या दिवशी शाळेच्या हजेरीपटावर तुम्ही गैरहजर, आणि बदली रजाही मागता येत नाही.

आंबेघाट

सरकारी प्राथमिकचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सत्तरी, सांगे, काणकोणात नव्या शिक्षिकेची पहिलीच नेमणूक एकशिक्षकी शाळेत होऊ शकते. म्हणजे पहिल्या दिवशी ती शिक्षिका, मुख्याध्यापिका, क्लार्क आणि स्टोअरकीपर. आधीच्या शिक्षकाची बदली झालेली, त्याला निघायची घाई, आणि चार्ज लिस्टवर, म्हणजे शाळेच्या सामानाचा ताबा घेतल्याच्या यादीवर, सही मागितली जाते.

मोजल्याशिवाय सही करायची नाही. डेडस्टॉक रजिस्टर उघडून बाकं, कपाटं, टीव्ही, संगणक, भांडी एकेक बघायचं. जे नाही त्याच्यासमोर 'आढळले नाही' लिहून मग सही. पुढे तपासणीत कमी पडलं तर ज्याची सही त्याच्यावर येतं, आणि आठ वर्षांपूर्वी मोडलेल्या पंख्याचा हिशोब नव्या मुलीला द्यावा लागतो. कॅशबुकातली शिल्लक, हातातली रोकड आणि पासबुक तिन्ही जुळायला हवीत. बँकेतल्या सह्या बदलल्याचं पत्र त्याच आठवड्यात द्या. पालक-शिक्षक संघाचं खातं वेगळं असतं, ते विसरलं जातं.

जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, हा सगळ्यात नाजूक ग्रंथ. त्यात खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. जन्मतारीख किंवा आडनाव 'जरा दुरुस्त करा' म्हणून गावातला कितीही मोठा माणूस आला तरी खात्याच्या लेखी आदेशाशिवाय हात लावायचा नाही. दाखले पन्नास वर्षांनीही त्यावरूनच निघतात.

माध्यान्ह आहार स्वयंसाहाय्य गटाकडून येतो. वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि वहीत वेळ टाकून सही करायची. आठवड्याच्या सह्या शनिवारी एकदम करू नका. एखाद्या दिवशी मुलांना त्रास झाला तर पहिल्यांदा तीच वही मागतात.

संघटनेने इथे एकच करावं. चार्ज घेण्याच्या दिवशी शेजारच्या शाळेतला एक जुना शिक्षक सोबत पाठवावा. भागशिक्षणाधिकाऱ्यांना आधी सांगितलं तर तेही नाही म्हणत नाहीत, कारण चुकीचा चार्ज त्यांनाही निस्तरावा लागतो.

तांबडीमाती

चार्ज लिस्टचं डोक्यातच नव्हतं. देव बरें करूं. लेक्चर बेसिसवाल्यांना काय सांगू? आमच्या घटनेत त्यांना सभासदत्वच नाही.

हिशोबी

मग घटना दुरुस्त करा, सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत विषय घाला. मतदानाचा हक्क नंतर ठरवा, सहसभासद म्हणून नाममात्र वर्गणीत आत घ्या. आज लेक्चर बेसिसवर आहे तो पाच वर्षांनी कायम जागेवर येतो आणि तेव्हा त्याला आठवतं की कोणी दार उघडलं होतं.

त्यांच्या कामाचं : स्वतःची वही ठेवायची. तारीख, तास, इयत्ता, विषय, आणि आठवड्याच्या शेवटी मुख्याध्यापकांची सही. बिल या नोंदीवरून आणि शाळेच्या टाइमटेबलवरून जुळतं. जुळलं नाही की तास कापले जातात. प्रत्येक बिलाची झेरॉक्स. अनुभवाच्या दाखल्यावर 'अमुक वर्षी काम केले' एवढं पुरत नाही, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या इयत्तेला, एकूण किती तास, हे हवं. तो दाखला वर्ष संपतानाच घ्यायचा. मुख्याध्यापक निवृत्त झाले की पुढचे 'माझ्या काळातलं नाही' म्हणतात. सहावीपासूनचं शैक्षणिक वर्ष २०२५ पासून एप्रिलमध्ये सुरू होतं, पण मे महिन्यात तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत, त्यामुळे एप्रिलचं बिल मे उजाडण्याआधी आत गेलं पाहिजे.

केप्याकार

अवांतर : नव्यांना जामीन राहण्याबद्दल सांगा. पहिला पगार झाला की स्टाफरूममध्ये सोसायटीच्या कर्जाचा फॉर्म पुढे येतो, 'फक्त सही'. कर्जदाराने हप्ते थकवले की जामीनदाराच्या पगारातून कपात लागते. विमा एजंटाचंही तसंच, तो बहुधा सहकाऱ्याचाच नातलग असतो. पहिलं वर्षभर कशावरही सही नाही, असा संघटनेचाच नियम आहे म्हणून सांगायचं. संघटनेचं नाव तेवढ्या तरी कामाला येऊ दे.

तांबडीमाती

हे आवडलं, पत्रकात घालतो. शेवटचं : सभा कधी ठेवू? जूनच्या पहिल्या आठवड्यात बोलावलं तर गर्दी होईल.

हिशोबी

गर्दी होईल, पण लोक रिकाम्या हातांनी येतील. पगाराची पहिली स्लिप हातात पडल्यावर ठेवा, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीआधीच्या शनिवारी. येताना ऑर्डर, मान्यतेचं पत्र, स्लिप आणि टीईटीचं प्रमाणपत्र असेल तर ते, सगळ्यांच्या झेरॉक्स घेऊन यायला सांगा. दहा जणांमागे कागद वाचणारा एक जुना माणूस बसवा, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. आणि मान्यता न आल्यामुळे ज्यांच्याकडे स्लिपच नसेल, त्यांना आधी बसवा.